हेक्टिक दिवस

(अजमान येथे राहणाऱ्या मराठी मुलांसमोर केलेले हे भाषण आहे. रोज कानी पडणाऱ्या एका इंग्रजी शब्दाची ओळख त्यात करून दिली आहे.)

बालमित्रांनो,

संयुक्त अरब अमिरातीत सात अमिराती आहेत. तुमचे अजमान त्यांत सर्वांत लहान. येथील बरीच माणसे कामासाठी रोज शारजा किंवा दुबई गाठतात. संध्याकाळी थकून घरी आली, की म्हणतात, "आजचा दिवस फार हेक्टिक गेला!"

या शब्दाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ 'सवयीचा, अंगात मुरलेला'. पूर्वी क्षयाच्या रोग्याला रोज ताप येई. संध्याकाळी तो चढे आणि गाल लाल होत. अशा न हटणाऱ्या तापाला इंग्रजीत 'हेक्टिक' म्हणत. पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, शब्दाचा अर्थ पालटला. ज्या दिवशी ताप चढल्यासारखी घाई असते, तो दिवस हेक्टिक. तापाचे नाव दिवसाला मिळाले!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दिवस हेक्टिक असतो, आठवडा हेक्टिक असतो, माणूस नव्हे. 'मी हेक्टिक आहे' असे इंग्रजीत म्हणत नाहीत. माणूस 'बिझी' असतो.

आपल्या मराठीत यासाठी कितीतरी शब्द आहेत. पाहुणे येणार म्हणून घरात चालते, ती लगबग. लग्नघरी असते, ती धामधूम. शाळेची बस दारात आली आणि डबा सापडेना, की उडते ती धांदल. दूध उतू गेले, दाराची घंटा वाजली आणि त्याच वेळी फोनही आला, की उडते ती तारांबळ. चार ठिकाणची कामे उरकताना होते, ती धावपळ. लगबगीत आनंद असतो, तारांबळीत माणूस गोंधळतो, तर धावपळीत पाय दुखतात.

मुलांनो, गावी तुमची आजी फोनची वाट पाहत असते. तिला 'वीक हेक्टिक होता' असे सांगितले, तर ती बिचारी काय समजणार? "आजी, परीक्षा होती. पहिल्या दिवशी पेन सापडेना, माझी अगदी तारांबळ उडाली," असे सांगा. मग ती हसेल आणि विचारील, "अगंबाई! मग पेन कुठे सापडले रे?"

शब्दार्थ
क्षय – टी. बी. हा रोग
मुरलेला – आत खोल भिनलेला
पालटणे – बदलणे