एकच प्रश्नपत्रिका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी चहा घेताना एका मैत्रिणीने विचारलं, "तू दिवसभर कॉम्प्युटरवर नक्की करतेस तरी काय?" तेव्हा सांगता आलं नाही. आता माईक हातात आहे, तर एक गोष्ट सांगते.

प्रोग्रॅममध्ये रांग लागते. रेशनच्या दुकानासारखीच: जो आधी आला, त्याचा नंबर आधी. सी भाषेत ती दोन प्रकारे लिहिता येते. एकीत प्रत्येक जण आपल्या मागच्याचा पत्ता जवळ ठेवतो. दुसरीत ठरावीक खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात. शेवटची भरली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. वापरणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच. रांगेकडे काय मागता येईल, ते एका हेडर फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे पहिल्या प्रकारची रांग होती आणि ती तपासणारी एक टेस्ट फाइल होती. काम वेगाने व्हावं म्हणून मी खुर्च्यांची रांग लिहिली आणि तिच्यासाठी टेस्ट फाइलची कॉपी केली. एक चाचणी अडली: रांग भरा, थोडे काढा, पुन्हा भरा. 'नंतर बघू' म्हणत मी माझ्या कॉपीतून ती चाचणीच काढून टाकली. सगळं पास! काही आठवड्यांनी ग्राहकाकडे नोंदींचा क्रम उलटसुलट होऊ लागला. चूक सापडायला दोन रात्री गेल्या.

माझे वरिष्ठ ओरडले नाहीत. त्यांनी माझी कॉपी पुसली आणि दहा-बारा ओळींची मेकफाइल लिहिली. टेस्ट फाइल एकच. ती एकदा कंपाइल करायची, मग एकदा या रांगेशी जोडायची, एकदा त्या रांगेशी. दोन प्रोग्रॅम तयार होतात आणि एका आज्ञेत दोन्ही चालतात. उद्या तिसरी रांग आली, तर मेकफाइलमध्ये तिचं नाव वाढवायचं. टेस्टला हात लावायचा नाही. टेस्टनेही रांगेच्या पोटात डोकावायचं नाही, हेडरमध्ये आहे तेवढंच विचारायचं.

हे 'मेक' 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात गेली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली, फक्त फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! म्हणून मेक फाइलींच्या वेळा पाहतं आणि जे जुनं झालं तेवढंच नव्याने बनवतं. पण कोण कोणावर अवलंबून आहे, ते आपणच लिहून द्यावं लागतं.

खरं तर हे मला शेलारमध्येच कळायला हवं होतं. इथे कापडाच्या एका इंचातले धागे भिंगाखाली मोजतात. माग कुठलाही असो, भिंग तेच.

आणि आपल्या गणिताच्या बाई आठवा. 'अ' आणि 'ब' तुकडीला पेपर एकच. एकदा दोन्ही तुकड्यांचं तेच गणित चुकलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा, आधी माझा प्रश्न वाचते." प्रश्नातच आकडा चुकला होता.

आजही मी तसंच करते. एक रांग नापास झाली, तर त्या रांगेत चूक शोधते. दोन्ही एकाच जागी नापास झाल्या, तर आधी प्रश्नपत्रिका वाचते. पण स्वतःच्या रांगेसाठी वेगळी प्रश्नपत्रिका पुन्हा कधी काढली नाही.