मावशींचं चर्च कुठलं?

आज बचतीवर बोलायचं ठरलं होतं. पण बोलणं जाणार आहे चर्चवर, आणि त्याला कारण झाली आमच्या गटाची कर्जवही.

आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. सात घरं ख्रिस्ती, बाकीची मराठा, बौद्ध आणि धनगर. बैठक बुधवारी घेतो, कारण रविवारी चर्च असतं आणि आमच्यातली एक जण ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार पाळणारी. तर मागच्या उन्हाळ्यात एका बुधवारी आमच्या मावशींनी तीन हजारांचं कर्ज मागितलं. वहीत रक्कम लिहिली, हप्ता लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मावशी म्हणाल्या, "लिहा, दशांश."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाच्या कामाला देणं. कर्ज काढून दशांश द्यायचा हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आम्ही त्यांना समजावायला लागलो, तर मावशींचे डोळे भरून आले. मग सगळं बाहेर आलं.

मावशींचं माहेर श्रीरामपूरकडचं, कॅथलिक. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत त्या लहानपणापासून चालत गेलेल्या. सासर जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं. नागपूरला 1970 साली सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात हे चर्चही गेलं. म्हणजे लग्नाबरोबर मावशींचं चर्च बदललं, जसं आडनाव बदललं तसंच. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनाही त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही. मालक वारले. पुढं दोन वर्षांनी मुलगा दवाखान्यात अकरा दिवस होता. तेव्हा चर्चमधलं कुणी फिरकलं नाही. शेजारच्या प्रार्थना संगतीतल्या बाया मात्र रोज रात्री आळीपाळीनं उशाशी बसल्या. मावशी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. आता तिथं म्हणतात, लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्मा धरत नाहीत, पाण्यात बुडून पुन्हा घ्या. दशांश कुणी मागितला नव्हता. पण इतरांची पाकिटं दिसायची आणि आपलं नाही, हे मावशींना बोचत होतं.

मावशींना नेमकी कशाची भीती होती? मालक जुन्या मिशनच्या दफनभूमीत आहेत. संगतीला स्वतःची दफनभूमी नाही. पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि जुन्या मंडळीनं नाव काढलं, तर आपल्याला मालकांशेजारी जागा मिळेल का? ही भीती उगाच नव्हती. दुसऱ्या एका गावात पंचांनी असंच एका बाईचं दफन दुपारपर्यंत अडवून ठेवलेलं आमच्यातल्या दोघींनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की मावशींबरोबर चार रविवार फिरायचं. सगळ्या जणी नाही, ज्यांना जमेल त्या. आमची धनगराची वहिनीसुद्धा आली.

पहिल्या रविवारी कॅथलिक चर्च. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेआधी हीच मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. मावशींना जपमाळ तोंडपाठ होती, इतक्या वर्षांनी एक शब्द चुकला नाही. फादर म्हणाले, तुमचा बाप्तिस्मा आहेच, तो पुन्हा होत नसतो. पापकबुली करा आणि परत या. आम्ही बाकीच्या बसून राहिलो, कारण तिथली भाकर आम्हाला घेता येत नाही. ते मात्र जरा टोचलं.

दुसऱ्या रविवारी मुक्तिफौज. तिथं बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. मन बदललं की पुरे, असं त्यांचं म्हणणं. नवरा कॅप्टन तशी बायकोही कॅप्टन, आणि त्या दिवशी उपदेश बाईंनीच केला. आमच्या वहिनीला हे फार आवडलं. मावशी मात्र म्हणाल्या, भाकर-द्राक्षारस नाही तर मला जेवण न करता उठल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या रविवारी संगत. पत्र्याचा हॉल, कीबोर्ड, टाळ्या. कुणीही उठून साक्ष द्यावी. जी बाई आमच्या बैठकीत तोंड उघडत नाही, ती तिथं माइक हातात घेऊन पाच मिनिटं बोलली. आम्ही थक्क झालो. ती आमच्याकडे गप्प का असते, याचा विचार आम्हालाच करायला हवा.

चौथ्या रविवारी सासरचं जुनं चर्च. पेटी, तबला आणि 'उपासना संगीत'. रेव्हरंड टिळकांचं भजन लागलं आणि मावशींना पुस्तक उघडावं लागलं नाही.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर दोन गोष्टी सांगतो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि मिशनमध्ये काम केलं. 1917 साली मात्र मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाला पटायला त्यांना पाच वर्षं लागली, ती त्यांनी घेतली. 'स्मृतिचित्रे' वाचा, हसता हसता पुढं जाल.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन चर्चमध्ये. तिथल्या सिस्टरांनी माया केली, पण रमाबाईंनी मान नाही तुकवली. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हे त्यांनी पत्रातून विचारलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्याही रागावल्या. एकाच ख्रिस्ताच्या इतक्या मंडळ्या आणि प्रत्येकीच्या हातात बायबल, हे पाहून आपण किती गोंधळलो ते त्यांनी 1907 साली आपल्या साक्षीत लिहिलं आहे. पुढं केडगावला, म्हणजे दौंडजवळच्या, आपल्या नगरच्या केडगावला नव्हे, त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं आणि ते कुठल्याही एका मंडळीला बांधलं नाही. शेवटची कितीतरी वर्षं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकमधून सोप्या मराठीत आणण्यात घातली. 1922 साली त्या गेल्या.

हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "एवढी शिकलेली बाई गोंधळली, मग मी गोंधळले तर काय झालं."

मग त्यांनी आपलं आपण ठरवलं. पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाही. "एकदा पाणी पडलंय, देव काय विसरलाय का?" असं त्यांनी संगतीच्या पास्टरांना तोंडावर सांगितलं. पास्टर जरा नाराज झाले, पण येऊ नका असं म्हणाले नाहीत. गुरुवारची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. नाव जुन्या चर्चच्या वहीत ठेवलं, थकलेली वर्गणी भरली आणि आम्ही चौघी त्यांच्याबरोबर पाळकसाहेबांकडे गेलो. दफनभूमीचं स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, जागा आहे, काळजी करू नका. आम्ही म्हटलं, कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. ते हसले, पण लिहिलं. दवाखान्याचंही त्यांना सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी मात्र मावशींच्या घरी चहाला आले.

आमच्यातल्या काहींना हे अर्धवट वाटतं. एकीकडे नाव आणि दुसरीकडे मन, हे काय खरं, असं त्या म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. माहेर आणि सासर दोन्ही सांभाळणाऱ्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

कर्जाचं राहिलं. धार्मिक कारणाला कर्ज नको, असं आमच्यातल्या बहुतेकींचं मत होतं. तेव्हा वहिनीनं विचारलं, "माझ्या पोराच्या जागरण-गोंधळाला दिलं तेव्हा कुठं होता हा नियम?" सगळ्या गप्प. तीन हजार दिले, शेकडा दोन रुपयांनी. कारणाच्या रकान्यात 'दशांश' असंच लिहिलं. त्यातून मावशींनी वर्गणी भरली, उरलेले संगतीच्या पाकिटात टाकले, आणि सहा महिन्यांत कर्ज फेडलं.

येत्या सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला मावशींबरोबर हरेगावला जायचं आहे. जीप ठरवली आहे, तीन जागा रिकाम्या आहेत. कुठल्याही चर्चची असाल किंवा कुठल्याच नसाल, बुधवारी बैठकीत नाव सांगा.