प्रश्न विचारणे हेही समाजकार्यच

(लोकप्रतिनिधी व सामाजिक कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'विधिमंडळातील विरोधक आणि सामाजिक प्रश्न' हा विषय आपण मला दिला आहे. विरोधक म्हटले की आज सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे येतात ते पायऱ्यांवरच्या घोषणा, फडकणारे फलक आणि सभात्याग. वाहिन्यांना तेवढेच दाखवायला आवडते. पण गोंधळ हे विरोधकाचे खरे शस्त्र नव्हे. त्याचे खरे शस्त्र म्हणजे अभ्यास करून, नियमात बसवून, तारखेनिशी आणि आकड्यानिशी विचारलेला प्रश्न. अशा एका प्रश्नाची कहाणी आज आपल्यापुढे ठेवावी, असा माझा मानस आहे.

विरोधकाच्या हाती काय असते?

सत्तारूढ पक्षाच्या आमदाराला मंत्र्यांच्या दालनाचे दार उघडे असते. विरोधी आमदाराजवळ असते ते केवळ नियमांचे पुस्तक. त्यात तारांकित प्रश्न आहे. त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नांना तोंड द्यावे लागते. लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. आणि या सर्वांबरोबर अशासकीय विधेयक आहे. मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याला कायद्याचा मसुदा मांडण्याचा हा अधिकार आहे.

या अशासकीय विधेयकाकडे उपहासाने पाहण्याची पद्धत आहे. त्याला आधारही आहे. आपल्या संसदेच्या इतिहासात अशी अवघी १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि त्यांतील शेवटचे १९७० साली. मग हा खटाटोप कशासाठी? या शंकेचे उत्तर महाराष्ट्राच्याच विधानसभेने दिलेले आहे.

एका विरोधी आमदाराचा मसुदा

श्रीमती मृणालताई गोरे समाजवादी होत्या. आपली आणि त्यांची वैचारिक वाट वेगळी, हे मी आवर्जून सांगतो. अनेक प्रश्नांवर त्यांनी आपल्यावर टीका केली आणि आपणही त्यांच्यावर केली. तरीही आणीबाणीत दोन्ही विचारांच्या माणसांनी तुरुंगवास सोसला आणि १९७७ साली दोन्ही प्रवाह जनता पक्षात एकत्र आले, हाही इतिहासच आहे. गोरेगावच्या नळावर रिकामे हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांचे गाऱ्हाणे त्यांनी महापालिकेत नेले, म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या, १९७७ साली लोकसभेत आणि १९८५ साली पुन्हा विधानसभेत.

त्या काळात महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, एक नवाच व्यवसाय भरभराटीला आला होता. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आलेली गर्भजलपरीक्षा मुलगा की मुलगी हे जाणण्यासाठी सर्रास वापरली जाऊ लागली होती. सरकारी रुग्णालयांतील असा वापर केंद्र सरकारने सत्तरच्या दशकातच बंद केला होता; परंतु खासगी रुग्णालयांना तो आदेश लागू नव्हता. आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे होत होत्या. ज्या भूमीत जिजाऊ आणि अहिल्याबाईंची नावे आदराने घेतली जातात, त्याच भूमीत मुलगी पोटातच नकोशी झाली होती.

१९८६ साली मृणालताईंनी या प्रकारास आळा घालणारे अशासकीय विधेयक विधानसभेत मांडले. त्या एकाकी नव्हत्या. महिला संघटना, काही डॉक्टर, वकील आणि पत्रकार सभागृहाबाहेर मोहीम चालवत होते. पण बाहेरच्या मोर्चाकडे सरकार पाठ फिरवू शकते. सभागृहाच्या कामकाजात नोंदल्या गेलेल्या विधेयकाकडे त्याला तसे करता येत नाही. खात्याला त्यावर भूमिका घ्यावी लागते. भूमिका घ्यायची तर माहिती हवी आणि माहिती जमा झाली की वास्तव समोर येते. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. 'तुरळक प्रकार आहेत' असे म्हणण्याची सोय उरली नाही.

पुढे सरकारनेच आपला कायदा आणला. १९८८ साली गर्भलिंगनिदानाचे नियमन करणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला. म्हणजे, एका विरोधी सदस्याच्या विधेयकाने ज्या विषयाला सभागृहाचे दार उघडले, तो आठ वर्षांत देशाच्या कायद्यात पोहोचला. अलीकडचेही एक उदाहरण आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी द्रमुकचे तिरुची शिवा यांनी मांडलेले अशासकीय विधेयक २०१५ साली राज्यसभेने संमत केले. लोकसभेत ते पार पडले नाही. मात्र २०१९ साली सरकारने स्वतःचा कायदा केला. दोन्ही सरकारी कायदे मूळ मसुद्याबरहुकूम झाले नाहीत. पण जो विषय सरकारच्या विषयपत्रिकेवर नव्हता तो तेथे आला. अशासकीय विधेयकाचे यश हे असे मोजावयाचे असते.

कायदा झाला; पुढे काय?

मित्रहो, कहाणी येथे संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण तसे घडले नाही.

१९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. कायदा होता आणि तरीही मुली घटतच गेल्या. कोठे घटल्या पाहा. २००१ साली कोल्हापूर जिल्ह्यात ही संख्या ८३९ होती, सांगलीत ८५१. ऊस, सहकार, शिक्षणसंस्था, पक्के रस्ते, सगळे जेथे आहे असे हे जिल्हे. दारिद्र्य आणि अज्ञान यांना दोष देण्याची आपली सवय येथे निरुपयोगी ठरते. २०११ साली बीडमध्ये हीच संख्या ८०७ वर आली.

कारण उघड आहे. १९८८ च्या कायद्याने नोंदणीकृत खासगी केंद्रांना वाव ठेवला होता. पुढे गर्भजलपरीक्षेची जागा सोनोग्राफीने घेतली. यंत्रे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. त्यांची नोंदणी मात्र मागे राहिली. १९९४ चा केंद्रीय कायदा अमलात येण्यासच १९९६ उजाडले आणि नंतरही तो कागदावरच राहिला. अखेर २००० साली काही संस्था व कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २००१ पासून राज्यांना वारंवार निर्देश दिले, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, कायदा संमत झाल्याने विरोधकाचे काम संपत नाही. सरकारला कायदा करण्याचा उत्साह असतो, कारण त्याची बातमी होते. अंमलबजावणीची बातमी होत नाही, म्हणून तिची विचारपूस कोणीतरी करावी लागते. ती वेळच्या वेळी विधिमंडळात झाली नाही, तर न्यायालयाला करावी लागते. आणि तोवर जी वर्षे जातात त्यांचा हिशेब जनगणनेत दिसतो. तो हिशेब जन्मालाच न आलेल्या मुलींचा असतो.

आपण काय विचारावे?

आपल्यापैकी अनेक जण नगरपालिका, जिल्हा परिषदांमध्ये आहात; काही जण केवळ कार्यकर्ते आहात. या विषयात दोघांनाही करण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या क्षेत्रात किती सोनोग्राफी केंद्रे नोंदलेली आहेत? गेल्या वर्षभरात त्यांपैकी किती तपासली गेली? प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' नमुना पूर्ण भरला जातो का? नियमाप्रमाणे सल्लागार समितीच्या दोन बैठकांमध्ये ६० दिवसांपेक्षा अधिक अंतर असता कामा नये. शेवटची बैठक केव्हा झाली? किती खटले दाखल झाले आणि किती निकाली निघाले?

सामान्य नागरिकालाही हा कायदा अधिकार देतो. सक्षम प्राधिकाऱ्याला १५ दिवसांची नोटीस देऊन कोणीही व्यक्ती स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा कायदा गर्भवती स्त्रीला गुन्हेगार मानत नाही. तिच्यावर नवऱ्याने वा नातलगांनी सक्ती केली असावी, असे तो गृहीत धरतो. आपला प्रश्नही तिच्याकडे बोट दाखवणारा नसावा. तो यंत्रणेला, केंद्रचालकाला आणि घरातील कर्त्या माणसांना विचारलेला असावा. आपल्याच घरात दुसरी मुलगी झाल्यावर चेहरे का उतरतात, हा प्रश्न तर कोणत्याही सभागृहात विचारता येणार नाही; तो ज्याचा त्यालाच विचारावा लागेल.

खुर्ची बदलली तरी

शेवटी एक स्पष्ट गोष्ट बोलतो. विरोधी बाकावर असताना प्रश्न विचारणे आपल्याला लोकशाहीचे रक्षण वाटते. सत्तेत बसल्यावर तोच प्रश्न छळ वाटू लागतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो सर्व पक्षांत सारखाच आढळतो. वर्षानुवर्षे सभागृहाच्या पत्रकार कक्षात बसून मी एक पाहिले आहे. ज्या मंत्र्याला अवघड प्रश्नाची भीती असते, त्याच्या खात्यातला कारकूनही दक्ष असतो. ज्याला ती उरत नाही, त्याच्या खात्यात धूळ साचते. म्हणून प्रश्न विचारणारा हा सरकारचा शत्रू नव्हे. कित्येकदा तो सरकारचे असे काम करतो, जे सरकारच्या माणसांकडून होत नाही. आज आपण कोणत्याही बाजूला असा, समोरून येणारा अभ्यासू प्रश्न ऐकून घ्या, त्याचे खरे उत्तर द्या आणि उत्तर नसेल तर शोधून आणा.

मृणालताईंचे २०१२ साली निधन झाले. त्यांचे सगळे विचार मान्य करण्याची आपल्याला गरज नाही. त्यांचा गृहपाठ आणि त्यांची चिकाटी मात्र जरूर घ्यावी. चांगला गुण कोणत्या पक्षाचा आहे, हे पाहून घ्यायचा नसतो. अभ्यास करून प्रश्न विचारणे, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे आणि उत्तर मिळाल्यावरही लक्ष ठेवणे हेही समाजकार्यच आहे. ते आपल्या सर्वांकडून घडो, अशी इच्छा व्यक्त करतो.