हजेरीचे दप्तर आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

(पुणे येथे विद्यार्थी व शिक्षक यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे स्वतःला विद्येची नगरी म्हणविते. 1848 साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी उघडलेल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला सनातन्यांचा रोष ओलांडावा लागे. आज याच शहरातील महाविद्यालयाच्या दाराशी वैदू, वडार, कैकाडी वा गोसावी समाजातील मुलगा येतो, तेव्हा त्याला आडवा येतो तो कागद.

विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी महाराष्ट्रात राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे. परंतु या सवलतींसाठी जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जातीची नोंद हा त्यातला भक्कम पुरावा. ज्या आजोबांचा जन्म पालात झाला आणि हयात गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरण्यात गेली, त्यांचा शाळेचा दाखला नातवाने कोठून आणावा? तो न मिळाल्यास हा नातू खुल्या प्रवर्गात मोजला जातो आणि पूर्ण शुल्क त्याच्या माथी येते. दगड फोडणाऱ्या बापाला ते झेपत नाही. मुलगा घरी परततो, आणि प्रवेश रद्द केल्याची नोंद तेवढी मागे उरते.

या जमातींशी शासनाचे नाते जुने आहे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 साली तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होईल असा विस्तारला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित झाली की त्या घोषणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. माणसांची नावे नोंदली जात, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी लावली जाई. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा संपुष्टात आला.

येथे विसंगती नीट ध्यानात घ्यावी. शिक्षा देताना शासनाने जातीचा पुरावा मागितला नाही. त्याचा शब्दच पुरावा होता. सवलत देताना मात्र 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम 8 ने सिद्धतेचा सारा भार अर्जदारावर टाकला. ज्यांची रोज हजेरी घेतली, त्यांच्याच नातवंडांना आज विचारले जाते, तुम्ही येथे होता कशावरून?

बनावट दाखल्यांचा धोका कुणी पुढे करील. तो धोका खरा आहे. परंतु खोटा दाखला मिळविणाऱ्याजवळ कागदांची वाण कधीच नसते. कागद नसतो तो खऱ्या भटक्याजवळ.

कागदाअभावी मुलाचे शिक्षण थांबवावे काय, हा प्रश्न इतरत्रही उठला आहे. परवान्याविना आलेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांना टेक्सास राज्याने शाळा नाकारू पाहिली, तेव्हा आईबापांच्या स्थितीची शिक्षा मुलांना देता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली ठरविले. ही मुले तर याच मातीतली आहेत.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रवेश मिळताच शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता तात्पुरता सुरू व्हावा. पुरावा गोळा करण्याचे काम शासनाने अंगावर घ्यावे. अधिकाऱ्यांनी वस्तीवर जाऊन चौकशी करावी, पोलिसांची जुनी दप्तरे जेथे शिल्लक असतील तेथे ती धुंडाळावीत. ठरलेल्या मुदतीत निर्णय न झाल्यास त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडू नये.

तोवर कार्यकर्त्यांना आणि प्राध्यापकांना स्वस्थ बसता येणार नाही. प्रत्येक महाविद्यालयात दाखल्यावाचून अडलेल्या मुलांची यादी झाली पाहिजे, आणि ती घेऊन त्यांच्यासोबत तहसील कचेरीची पायरी चढली पाहिजे. या मुलांच्या आजोबांची हजेरी पोलीस चौकीत लागली. नातवंडांची हजेरी वर्गात लागावी, एवढेच तर मागणे आहे.