‘सगळं ठीक आहे’ म्हणण्याआधी
(आरतीनंतर झालेल्या भाषणातून)



नोकरीत असताना एका आजींना मी विचारलं, “घरी काही मदत लागते का?” त्या म्हणाल्या, “नको हो डॉक्टर, सगळं ठीक आहे.” नंतर कळलं, टबाच्या कडेवरून पाय टाकता येत नव्हता, म्हणून त्या महिनाभर नुसतं अंग पुसून घेत होत्या. आंघोळ नाही, म्हणून देवपूजाही बंद. मी पुन्हा विचारलं नाही, ही रुखरुख अजून आहे.

वृद्धांच्या सेवांत बदल करताना कौन्सिल लोकांची मतं मागवते. फॉर्म येतो, सभा होते, आणि आपण गप्प! मग शाकाहारी डबा हवा, आंघोळ घालायला बाईच हवी, हे त्यांना कळणार कसं? स्मृतिभ्रंशात अनेकदा मागून शिकलेलं इंग्रजी आधी जातं, मराठी उरते. हेही आपणच सांगायला हवं.

इथे इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनुसार, मदतीची गरज दिसली तर कौन्सिलला ती तपासावीच लागते. तुमच्याकडे पैसे किती, हे न पाहता. सांभाळणाऱ्या जोडीदाराची, सुनेची गरजही वेगळी तपासली जाते. मागायला संकोच कसला? हा हक्क आहे.

फॉर्म भरून द्यायला आणि ज्येष्ठांना गाडीतून सभेला न्यायला स्वयंसेवक हवे आहेत. तरुणांनी मंदिराच्या ऑफिसात नावं द्यावीत.

आणि आजी-आजोबांनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर खरं काय ते सांगा.