आधी माणूस, मग कागद



साथ आली की शासनाची परीक्षा रुग्णालयाइतकीच कचेरीच्या रांगेतही होते. मार्च २०२० मध्ये पोर्तुगालपुढे असाच पेच उभा राहिला. परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयांत हजारो अर्ज निर्णयावाचून पडून होते. त्यांत भारत आणि नेपाळमधून गेलेल्या शेतमजुरांचेही होते. कोरोनाने त्या कार्यालयांचे कामकाजच रोखले. हाती परवाना नसलेला माणूस ताप आला तरी दवाखान्याची पायरी चढण्यास बिचकतो. आणि दडवलेला रोग आपला-परका हा भेद जाणत नाही.

पोर्तुगाल शासनाने २७ मार्चच्या आदेशाने तोडगा काढला. आणीबाणी जाहीर झाली त्या १८ मार्चपर्यंत ज्यांचे अर्ज दाखल होते, त्यांचे वास्तव्य ३० जूनपर्यंत कायदेशीर मानले गेले. अर्जाची पोच हाच पुरावा ठरला. तिच्या आधारे उपचार, बँकखाते, नोकरी आणि भाड्याचे घर मिळण्याचा मार्ग खुला झाला. ही सरसकट माफी नव्हती. ज्याने अर्जच केला नव्हता, तो सवलतीबाहेर राहिला.

परंतु मुदतवाढीने अर्ज निकाली निघत नाहीत. पुढे मुदती वाढत गेल्या, फायली साचत गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनी यंत्रणा मोडून ‘आयमा’ ही नवी संस्था उभी राहिली, तेव्हा सुमारे साडेतीन लाख प्रलंबित प्रकरणे तिच्या माथी आली.

संकटात आधी माणूस पाहावा, हाच धर्म. मात्र संकट ओसरताच कागदही तितक्याच तत्परतेने पाहावा लागतो. करुणेला शिस्तीची जोड नसेल, तर आजची सवलत उद्याची रांग होऊन उभी ठाकते.