शिट्टी सगळ्यांना सारखीच



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाद झाला. हप्ता उशिरा भरला तर दहा रुपये दंड, असा आमचा ठराव आहे. या वेळी उशीर झाला तो अध्यक्षताईंनाच! त्यांच्याकडून दंड कसा मागायचा? निम्म्या जणी गप्प बसल्या, निम्म्या धुसफुसल्या. तेव्हा आम्हाला फुटबॉलच्या एका पंचांची गोष्ट आठवली.

इटलीचे पियरलुइजी कोलिना. शिक्षण अर्थशास्त्राचं, पेशा आर्थिक सल्लागाराचा. म्हणजे आपल्यासारखेच हिशेब बघणारे! आजारपणात तरुणपणीच डोक्याचे केस गेले. टक्कल आणि रोखून बघणारे मोठे डोळे, यावरून जग त्यांना ओळखायचं. सतराव्या वर्षी ते पंचगिरी शिकले आणि २००२ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे पंच झाले.

मे २००० मध्ये पेरुजा गावी सामना होता. युव्हेंटस हा बडा संघ जिंकला असता, तर विजेतेपद त्याचंच होणार होतं. मध्यंतराला धो धो पाऊस आला, मैदानात पाणी साचलं. कोलिनांनी घाई केली नाही. तासाहून जास्त वेळ थांबले, चेंडू टाकून मैदान तपासलं आणि मगच खेळ सुरू केला. युव्हेंटस हरला, विजेतेपद गेलं. बड्या संघाचे लोक चिडले, पण निर्णय बदलला नाही.

कडक म्हणजे दगड नव्हे, बरं का. १९९९ साली युरोपच्या अंतिम सामन्यात बायर्नचा संघ जिंकता जिंकता शेवटच्या दोन-तीन मिनिटांत हरला. खेळाडू मैदानावरच कोसळले. तेव्हा कोलिना स्वतः त्यांना हात देऊन उठवत होते.

आता खरी गोष्ट ऐका. २००५ मध्ये कोलिनांसाठी इटलीत पंचांची वयोमर्यादा एका वर्षानं वाढवली होती. इतका त्यांचा मान! पण त्यांनी एका मोटार कंपनीशी जाहिरातीचा करार केला आणि तीच कंपनी मिलान संघालाही पैसे देत होती. फुटबॉल संघटना म्हणाली, आता वरच्या गटातले सामने तुम्हाला देता येणार नाहीत. कोलिनांनी राजीनामा दिला. सामन्यात लबाडी केली असं कुणी म्हटलं नव्हतं. पण जिथे निवाडा करायचा, तिथे संशयाला जागा नको. नियम सगळ्यात मोठ्या पंचालाही लागू झाला.

ही गोष्ट ऐकून अध्यक्षताई हसल्या. दहा रुपये काढून सतरंजीवर ठेवले आणि म्हणाल्या, "लिहा वहीत, माझ्या नावावर."

दुसरा ठरावही त्याच दिवशी झाला. घरात आजारपण असेल, तर बैठकीआधी सांगावं, मुदत मिळेल. पण तीही सगळ्यांना सारखीच.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटाची दंडाची वही एकदा उघडून बघा. त्यात पुढाऱ्यांचं नाव एकदा तरी आहे का? उशीर तर सगळ्यांनाच होतो.